आबा मुलाखतीला बसले

सोनगीरच्या आमच्या घरात दिवस दोन आवाजांनी उजाडायचा. पुढच्या अंगाला हायवे, तिथून ट्रकांच्या ब्रेकचा आवाज. मागच्या अंगाला तांबटांची गल्ली, तिथून हातोड्यांचा. मधल्या जागेत माझ्या वडिलांची खानावळ आणि खानावळीला चिकटून आमच्या दोन खोल्या. वडिलांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. भाऊंची शेवभाजी धुळ्यापासून शिरपूरपर्यंतच्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक होती. काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर बोटभर तर्री, आणि वाढायच्या क्षणी टाकलेली जाड शेव. आधी टाकली की लगदा होतो, आणि लगदा खायचा तर घरी खावा, हायवेवर कशाला थांबावं, असं भाऊ म्हणत. सोबत दादर ज्वारीची नाहीतर उडीद घातलेल्या कळण्याची भाकर, कच्चा कांदा, आणि हिरव्या मिरचीचा असा ठेचा, की पंजाबचे धिप्पाड ड्रायव्हरसुद्धा पगडी वर सारून कपाळ पुसायचे. आमच्या कपड्यांना, वह्यांना, माझ्या नर्सिंगच्या पांढऱ्या युनिफॉर्मलाही त्या मसाल्याचा वास असे. धुळ्याच्या हॉस्टेलवर मी दारातून आत शिरले की मुलींना भूक लागायची.

त्या खानावळीत ताट रिकामं दिसणं हा भाऊंना आपला अपमान वाटे. गिऱ्हाईक ‘बस’ म्हणालं की भाऊ आणखी एक पळी वाढत. ‘बस बस’ म्हणालं की भाकर. ‘अरे खाय ना भाऊ, घर कव्हय पोहचशी काय मालूम,’ घरी केव्हा पोचशील कुणास ठाऊक, असं आमच्या अहिराणीत म्हणत ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढत. वरण-बट्टीच्या दिवशी तर तुपाची वाटी घेऊन ते असे फिरत, की माणसं ताट उचलून पळायची. घरातही तीच रीत. भाऊंच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, सगळं गाव अक्का म्हणे. यजमान गेल्यावर भडगावहून ती आमच्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून घर तिच्या हातात गेलं. आई गरीब स्वभावाची, तिनं आनंदानं ते सोडून दिलं. अक्का मागून येऊन डोक्यावर बचकभर तेल थापायची, ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं तर तोंडात लाडू कोंबायची. आमच्याकडे पाहुण्याला ‘जेवता का?’ म्हणणं म्हणजे घरात जेवण नाही असं सांगणं. ताट वाढूनच पुढे ठेवायचं असतं. माया अशीच करतात यावर आमचा इतका विश्वास होता, की दुसरीही काही पद्धत असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा. खानावळ मूळ त्यांचीच, मसालाही त्यांचाच. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांना लकवा झाला आणि डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं. आम्ही त्यांची सेवा अगदी आमच्या रीतीनं केली. पुढच्या खोलीत, खिडकीजवळ त्यांची खाट टाकली. सकाळी बंब पेटला की भाऊ त्यांना उचलून न्हाणीत नेत, अक्का पाणी घाली, आई पेज भरवी, मग कुणीतरी टीव्ही लावून देई. त्यांच्या अंगाला कधी जखम झाली नाही, कपडा कधी मळका राहिला नाही. गावातले लोक म्हणत, सेवा करावी तर अशी. फक्त आबा बोलायचे कमी झाले. पूर्वी ते ट्रकवाल्यांना थांबवून थांबवून गप्पा मारत, आता दिवस दिवस गप्प असत. दुखणंच तसं असतं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मला इंग्लंडला जायचं होतं. का, ते सरळ सांगते. आमच्या नर्सिंगच्या वरच्या बॅचची एक मुलगी तिकडच्या एका केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात त्या घरात, कामाला लागली होती. तिनं आपल्या खोलीचा फोटो पाठवला. छोटी खोली, एक पलंग, एक खिडकी आणि एक दार. मी त्या दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिले. हॉस्टेलवरून घरी आले की मी ज्या टेबलावर अभ्यास करायचे त्याच टेबलावर संध्याकाळी खानावळीचे कांदे सोलले जात. शरीरशास्त्राच्या माझ्या पुस्तकात हृदयाच्या पानावर कांद्याचं साल चिकटलेलं होतं, ते शेवटपर्यंत निघालं नाही. मला दार हवं होतं, मनाजोगं काम हवं होतं, आणि समुद्रापलीकडे काय आहे ते बघायचं होतं. तिकडे आरोग्यसेवेतल्या आणि म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या कामाला बाहेरून माणसं बोलावत होते, त्यासाठी वेगळा व्हिसा होता. पण तो व्हिसा आपण नुसता मागून मिळत नसे. आधी इंग्रजीची परीक्षा, मग तिकडच्या एखाद्या केअर होमनं मुलाखत घेऊन आपल्या नावाचं पत्र द्यायचं, आणि त्या पत्रावर व्हिसा. पत्र नसेल तर बाकी सगळे कागद वडे बांधायच्या कामाचे. आणि इंग्रजीच्या परीक्षेला मुदत असे. ती टळली की पहिल्यापासून सुरुवात.

परीक्षा मी दुसऱ्या फटक्यात पास झाले. त्यानंतर दोन मुलाखती झाल्या आणि दोन्हीत मी नापास झाले. पहिलीत त्यांनी विचारलं, एखादे आजोबा आज अंघोळ नको म्हणाले तर काय कराल? मी छाती पुढे काढून सांगितलं, मी त्यांना लाडीगोडी लावीन, थोडं रागवीन, आणि स्वच्छ अंघोळ घालीन. दुसरीत विचारलं, एखाद्या आजी जेवण नको म्हणाल्या तर? मी म्हटलं, पहिला घास मी स्वतः त्यांच्या तोंडात घालीन, मग त्या आपोआप खातील. दोन्ही वेळा समोरची माणसं फार गोड हसली. इतकी गोड, की मी घरी सांगितलं, झालं म्हणून समजा. अक्कानं शेजारी साखरही वाटली. मग ‘खेद वाटतो’ अशा अर्थाची मेल आली, आणि वाटलेली साखर काही परत मागता येईना.

इंग्रजीसाठी मी जळगावला ज्या मॅडमकडे जायचे त्यांना मी दोन्ही उत्तरं ऐकवली. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. ‘वैशाली,’ त्या म्हणाल्या, ‘इंग्रजी तुझं बरोबर आहे ग. उत्तर सोनगीरचं आहे. तिकडे म्हातारा माणूस नाही म्हणाला, तर ते नाही. अंघोळ त्याची, अंग त्याचं. तू विचारायचं. का नको ते विचारायचं. आणि विचारल्यावर गप्प बसायचं, उत्तर यायला वेळ द्यायचा.’ मी म्हटलं, ‘मॅडम, आणि त्यानं अंघोळ केलीच नाही तर?’ त्या म्हणाल्या, ‘तर त्या दिवशी नाही केली.’ परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत मी यावर विचार करत होते. मला ते मुळीच पटलं नव्हतं. आपल्या माणसाला नुसतं विचारून सोडून द्यायचं, याला काय सेवा म्हणायची, असं मला वाटत होतं.

पण मुदत संपत आली होती, तिसरी मुलाखत ठरली होती, आणि ही हुकली तर पुढची मिळेपर्यंत परीक्षेचा निकाल बाद होणार होता. तिकडचे नियमही सारखे बदलत. पुढे काही काळानं केअर वर्करसाठी ते दारच बंद झालं, माझ्या मागून तयारी करणाऱ्या कितीतरी मुली इथेच राहिल्या. म्हणून मी घरात सराव सुरू केला. सकाळी आबांच्या खाटेजवळ जाऊन अदबीनं विचारलं, ‘आबा, आंघोय आते करनी का दुपारले?’

आबांनी माझ्याकडे बघितलं. ‘काब्र? बंब पेटना नही का?’

‘पेटना शे ना. तुमची इच्छा इचारी राहिनू.’

‘म्हंजे पानी कमी शे,’ आबा म्हणाले आणि तोंड फिरवून पडले.

अक्का आतून ओरडली, ‘म्हातारा मानूसले काय इचारतस? घाल पानी!’ आणि माझ्या देखत भाऊ त्यांना उचलून घेऊन गेले. संध्याकाळी खानावळीत मी एका ड्रायव्हरला विचारलं, ‘और रोटी लेंगे?’ तो गडबडला, ‘नहीं नहीं’ म्हणत हात धुऊन उठला. भाऊ गल्ल्यावरून कडाडले, ‘अय वैशू! गिऱ्हाईकले इचारं म्हंजे उठाडी दिधं! तू आत जाय.’ तो माणूस अर्धपोटी गेला म्हणून भाऊ दोन दिवस हळहळत होते. मला खानावळीत वाढायला बंदी झाली, माझी मात्र ती पहिलीच सुट्टी होती.

मुलाखत भर दुपारी होती, म्हणजे त्यांच्याकडे सकाळ. लॅपटॉप धुळ्याच्या मैत्रिणीकडून आणला. नेटची रेंज फक्त पुढच्या खोलीत, आबांच्या खाटेपाशी येई, तेव्हा जागाही ठरलेली. पंचाईत होती ती हातोड्यांची. तांबटांच्या गल्लीत काम सुरू असताना शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. मी गल्लीतल्या नानांकडे गेले. नाना सगळ्यांत जुने कारागीर, त्यांचा शब्द गल्लीत चाले. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘तू बिनघोर राय. तुनी मुलाखत व्हस तवलोंग या गल्लीमा हातोडा उठनार नही.’ आणि खरंच, त्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर एकेक हातोडा थांबत गेला. मी जन्मात सोनगीर इतकं गप्प ऐकलं नव्हतं. लांबून कुणाचा तरी कोंबडा ऐकू आला. गावात कोंबडा आहे हेच मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. हातोडे थांबले की हातोडे चालवणारी माणसंही मोकळी होतात. ती मुलाखत बघायला आली. घरात तर आधीच वेगळी तयारी चालली होती. अक्काच्या मनात एकच चित्र होतं, पोर देखाले येई राहिनात, मुलगी बघायला पाहुणे येताहेत. मग ते मोटारीतून येवोत की लॅपटॉपमधून. तिनं पोहे केले. मी म्हटलं, ‘अक्का, त्या बाई तिकडून खातील कशा?’ ती म्हणाली, ‘त्या नही खात ते आपुन खासूत. पोहा नही ते बठ्ठं सुनं दिखस.’ पोह्यांवाचून तिला सगळंच सुनं वाटत होतं. मुलाखतीच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको, हे मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. सगळे मान हलवत होते. आता कळतं, ते मान हलवत होते ते ‘परकं कुणी नको’ म्हणून. परक्यांसमोर घरच्या मुलीला एकटीला बसवायचं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पडद्यावर पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई आल्या, हिरवा स्वेटर घातलेल्या, आणि त्यांच्या शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ. बाई छान हसल्या. गृहस्थ म्हणाले, सुरुवातीला जरा लॅपटॉप फिरवून खोली दाखवा, म्हणजे तुम्ही एकट्या आहात याची आम्हाला खात्री होईल. उत्तरं घोकण्याच्या नादात मी मागे वळून बघितलंच नव्हतं, आबांना तर मी मोजलंच नव्हतं, म्हणून निर्धास्तपणे लॅपटॉप उचलला आणि गोल फिरवला. दारात अक्का डोक्यावरून पदर घेऊन पोह्यांची ताटली धरून उभी होती. तिच्यामागे आई. भिंतीशी चटईवर नाना आणि गल्लीतले तिघे-चौघे मांडी घालून बसले होते. भाऊंनी माझ्या मामाच्या लग्नातला सफारी घातला होता. आणि खाटेवर, उशांना टेकून, धुतलेली पांढरी टोपी घातलेले आबा. पडद्यात आपण दिसतोय म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम हात जोडले, ‘रामराम!’

बाईंनी गोंधळून हात जोडले. गृहस्थांनी नाही जोडले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की असं चालत नाही. मागून उत्तरं सांगणाऱ्यांचा त्यांना फार अनुभव आहे. खोलीत फक्त मी असेन तरच मुलाखत होईल, नाहीतर ती आत्ताच थांबवावी लागेल. मी अहिराणीत सगळ्यांना सांगितलं. बिचारे लगेच उठले, ‘चला रे चला’ करत नाना बाहेर गेले, अक्का ताटलीसकट गेली. आबा उठले नाहीत.

‘मी नही उठत,’ ते म्हणाले.

भाऊ दारातून परत आत आले. ‘खाटसंगेच उचली लेऊ,’ ते म्हणाले, आणि मागोमाग आलेल्या नानांनी खाटेचा दुसरा पाय धरलासुद्धा. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, उचला. उचला आणि न्या एकदाचे. गेले कित्येक महिने मी ज्यासाठी जीव टाकत होते ते त्या खाटेपायी जाणार होतं. खाट जमिनीवरून थोडी उचलली गेली, आबांनी उजव्या हातानं खिडकीचा गज धरला, आणि त्यांचा चेहरा मला दिसला. रोज सकाळी न्हाणीकडे नेताना ते तसाच चेहरा करत. मी तो रोज बघत होते आणि लकव्याच्या खाती टाकत होते. माझ्या तोंडून ओरडच निघाली, ‘ठेवा खाली! हात लावू नका त्यांना!’

भाऊंनी दचकून खाट खाली ठेवली आणि नानांना घेऊन ते बाहेर गेले. मी खाटेशी जमिनीवर बसले आणि का नको ते विचारलं. ‘आबा, कसाले नही?’

आबांना बोलायला वेळ लागला. मी काही बोलले नाही. मग ते म्हणाले, ‘पोर देवानी म्हंजे घर देखनं पडस. तुम्ही बठ्ठा पोर दखाडाले बसनात. घर कोन देखई? ती बाई मनी नातले लई जाई राहिनी. माले तिनासंगे बोलनं शे.’

मुलगी द्यायची तर आधी तिकडचं घर पारखायचं, हे आम्ही सगळे विसरलो होतो. मी लॅपटॉपसमोर आले. पाठ केलेलं इंग्रजी सगळं उडालं होतं. जे आलं ते बोलले, की हे माझे आजोबा आहेत. ते बाहेर जायला नको म्हणतात. त्यांना उचलून नेता येईल, बाहेर माझे वडील आणि चार धडधाकट माणसं आहेत. पण ते नको म्हणालेत, तेव्हा मी त्यांना हलवणार नाही. त्यांना आधी तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला मुलाखत थांबवायची असेल तर थांबवा. गृहस्थांनी घड्याळ बघितलं. बाई मात्र खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ आल्या. म्हणाल्या, ‘त्यांना काय विचारायचंय?’

मी लॅपटॉप आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी टोपी सारखी केली. पहिलाच प्रश्न असा टाकला की मला वाटलं, गेलं सगळं. ‘इले इचार, तठला म्हातारासना पोरे कथा गयात? तेस्ले कसाले कोनी संभायत नही?’ मी थोडं गुळमुळीत करून सांगायला लागले, तर आबा म्हणाले, ‘बराबर सांग.’ तेव्हा बरोबर सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, काहींची मुलं लांब असतात, काहींची जवळ असून दिवसभर कामावर असतात, काहींना मुलंच नसतात. आणि म्हणाल्या, माझी स्वतःची आईसुद्धा आमच्याच होममध्ये राहते.

आबांनी विचार केला. ‘तिले तठलं जेवन आवडस का?’

‘मुळीच नाही,’ बाई म्हणाल्या. ‘रोज मला बोलावून तक्रार करते.’

मी हे सांगितल्यावर आबा हसले. खळखळून, पूर्वी ट्रकवाल्यांबरोबर हसायचे तसे. दाराबाहेर एकदम चुळबूळ झाली, कारण तो आवाज घरात कुणी फार दिवसांत ऐकला नव्हता. मग त्यांनी पाण्याचं विचारलं, थंडीचं विचारलं, मी कुठे झोपणार ते विचारलं. स्वतंत्र खोली, असं उत्तर आलं. ‘दारले कडी शे का? आतून?’ आहे, म्हणाल्या. ‘मंग ठीक शे,’ आबा म्हणाले. एवढं झाल्यावर बाईंनी माझ्याकडे नाही, आबांकडे बघत विचारलं, की आता तुम्हाला काय आवडेल? इथेच थांबायला आवडेल की दुसरीकडे कुठे जायला?

मी ते आबांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. पाणी कमी आहे का, असं त्यांनी या वेळी विचारलं नाही. बराच वेळ गेला, गृहस्थांनी पेनचं टोपण उघडझाप केलं, बाई हलल्या नाहीत. ‘माले ओटावर जावानं शे,’ आबा म्हणाले. ‘उनमा.’ लकवा झाल्यापासून आम्ही त्यांना वारं लागेल म्हणून ओट्यावर नेलंच नव्हतं. मी विचारलं, भाऊंना बोलवू की मी नेऊ? ‘तूच. पन सव्वकाश.’ लॅपटॉप खाटेवर ठेवून मी डाव्या बाजूनं त्यांच्या कमरेत हात घातला, त्यांनी उजव्या हातानं भिंत धरली, आणि आम्ही एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेलो. दार उघडलं तर सगळी गल्ली दाराला कान लावून होती, ती कोलमडली. आबांना ओट्यावर बसवलं, तसे अक्कानं त्यांच्या हातात पोहे दिले. मी परत येऊन दार लावलं आणि मुलाखतीला बसले.

पुढचे प्रश्न साधे होते. औषधांचे, कुणी पडलं तर काय कराल याचे, रात्रपाळी जमेल का असले. अंघोळीचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. लॅपटॉप मिटून मी दार उघडलं आणि नानांना हात केला, तशी गल्ली कामाला लागली. खोळंबलेलं काम उरकायला सगळ्यांनी एकदमच ठोकायला सुरुवात केली, मुलाखत कशी झाली हे मी भाऊंना ओरडून सांगितलं तरी त्यांना ऐकू आलं नाही.

पत्राची मेल आली तेव्हा खानावळीत गर्दीची वेळ होती. भाऊंनी त्या दिवशी जेवायला आलेल्या प्रत्येकाला बट्टी आणि तूप सक्तीनं खाऊ घातलं. एका ड्रायव्हरला पोटाच्या तक्रारीपायी तूप वर्ज्य होतं, तोही सुटला नाही. पुढे तपासण्या झाल्या, छातीचा एक्सरे झाला, आणि पासपोर्टावर व्हिसा आला. घरात नुसती धामधूम. अक्कानं कोणते पापड, किती बिबडे ते ठरवलं. भाऊंनी पंचांग बघून निघायचा दिवस ठरवला, विमानाच्या तिकिटाला तो जुळेना तेव्हा पंचांगच दुसरं आणलं. नानांनी मला तांब्या घडवायला घेतला. माझी बॅग माझ्याशिवाय भरली जात होती.

आणि आबा? आबा बिघडले. असं अक्का म्हणायची. त्या दुपारपासून ते प्रत्येक गोष्टीला ‘नको’ म्हणायला लागले. पेज नको, तिखट रस्सा दे. टीव्ही नको. अंघोळ आज नको, उद्या. स्वेटर नको. खाट ओट्यावर टाका. ‘तू म्हाताराले बिघाडी दिधं,’ अक्का मला कपाळाला हात लावून सांगे. पण ते बोलायला लागले होते. ओट्यावर बसून ट्रकवाल्यांना हाका मारत, मसाल्यात धने जास्त झाले म्हणून भाऊंना सगळ्यांदेखत बोल लावत. आज इतकी वर्षं तिकडे काम केल्यावर, रोज सकाळी कुणा आजीचं दार वाजवून ‘येऊ का?’ म्हणताना मला कधीकधी वाईट वाटतं, की हा एवढासा प्रश्न आम्ही त्यांना किती दिवस विचारला नाही. माया कमी नव्हती, उलट सगळं घर मायेनं ओसंडत होतं. त्यात त्यांना बोलायला जागाच राहिली नव्हती.

निघायच्या आदल्या आठवड्यातली दुपार. मी ओट्यावर आबांच्या डाव्या हाताला तेल चोळत होते. विचारून. आत भाऊ आणि अक्का काळा मसाला किती न्यायचा यावरून भांडत होते. भाऊंचं म्हणणं, वर्षभराचा द्यावा. अक्काचं म्हणणं, पोर दिवाळीले येई, तवलोंग पुरे. दोघांनीही आवाज चढवला होता. आबा रस्त्याकडे बघत होते. अचानक म्हणाले, ‘वैशू, तुले जावानं शे का?’

मी हसले. ‘बठ्ठं ठरनं ना आबा. तिकीट काढाई गयं.’

‘ठरनं ते माले मालूम शे. मी तुले इचारी राहिनू. तुले जावानं शे का? नही व्हई ते नही म्हन. मी देखी लेसू यास्ले.’

देखी लेसू म्हणे. ज्यांना आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं ते माझ्यासाठी सगळ्या घराशी भांडायला तयार होते. परीक्षा, मुलाखती, व्हिसा, एवढं सगळं झालं, कुणी म्हणालं होतं जा, कुणी म्हणालं होतं कशाला जातेस, पण मला बसवून असं कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पत्र मिळवायच्या धडपडीत ते राहूनच गेलं होतं. मी पहिल्यांदा नीट विचार केला. ओटा, रस्ता, मागचे हातोडे, आतलं भांडण, माझ्या मांडीवरचा हा हलका झालेला हात. हे सगळं इथेच राहणार होतं. मला भीती वाटली. आबा थांबले होते. एका शब्दानंही त्यांनी मला कोणत्या बाजूला ढकललं नाही.

‘शे, आबा,’ मी म्हटलं. ‘माले जावानं शे.’ आणि मला रडू फुटलं.

त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. माझं रडणं थांबेपर्यंत तसाच ठेवला.

‘मंग जाय,’ ते म्हणाले. आणि जरा थांबून, रस्त्याकडे बघत, ‘परत कव्हय येशी, ते मी इचारत नही.’